जिवाणूचे नाव की जिवाणूचे कवच?

ए रक्तगटाच्या माणसाला चुकून बी गटाचे रक्त चढवले, तर बघता बघता त्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू लागतात आणि जीव धोक्यात येतो. त्याच्या रक्तात बी-विरोधी प्रतिपिंडे आधीपासून हजर असतात, हे त्याचे कारण. कार्ल लँडस्टायनरने 1901 साली रक्तगट जगापुढे मांडले तेव्हापासून ही गोष्ट माहीत आहे. मात्र ज्याने जन्मात कधी दुसऱ्याचे रक्त घेतलेले नाही, त्याच्या अंगात परक्या रक्तगटाविरुद्धची प्रतिपिंडे येतात कुठून, हा प्रश्न पुढे बरीच वर्षे रेंगाळला. जॉर्ज स्प्रिंगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1959 मध्ये कोंबडीच्या पिलांवर प्रयोग करून त्याला हात घातला. नेहमीच्या खुराड्यात वाढणाऱ्या पिलांच्या रक्तात माणसाच्या बी गटाविरुद्धची प्रतिपिंडे आपोआप येत. जन्मापासून जंतुमुक्त ठेवलेल्या त्याच वयाच्या पिलांत ती दिसत नसत. पिलांना ई. कोलाय ओ86 हा जिवाणू दिला की ती भरपूर तयार होत. या जिवाणूच्या बाहेरच्या आवरणावर शर्करांची जी साखळी असते, ती बी गटाच्या तांबड्या पेशीवरील शर्करेशी जवळजवळ जुळते. याच संशोधकाने पुढे माणसांना मारलेले ओ86 जिवाणू खायला दिले, तेव्हा काही जणांच्या रक्तात बी-विरोधी प्रतिपिंडे वाढलेली आढळली. मुंबईत 1952 मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवलेला ‘बॉम्बे’ रक्तगट याच गोष्टीची दुसरी बाजू दाखवतो. या लोकांच्या पेशींवर ए, बी तर नसतेच, पण ओ गटातही असणारी एच ही पायाभूत शर्कराही नसते. त्यामुळे त्यांच्या रक्तात एच-विरोधी प्रतिपिंडे असतात आणि त्यांना ओ गटाचे रक्तसुद्धा चालत नाही. ज्या शर्करा आपल्या पेशींवर आहेत त्यांच्याकडे शरीर दुर्लक्ष करायला शिकते; ज्या नाहीत त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे, आज सर्वसाधारणपणे मानले जाते त्याप्रमाणे, आतड्यातल्या जिवाणूंच्या पृष्ठभागाशी रोज येणाऱ्या संबंधातून उभी राहतात.

हे उदाहरण सुरुवातीलाच घेतले, कारण या विषयातला कळीचा मुद्दा त्यात उघडपणे दिसतो. त्या पिलांच्या शरीराने ई. कोलाय या प्रजातीला प्रतिसाद दिलेला नव्हता. दिला होता तो तिच्या एका वाणाच्या अंगावरील एका विशिष्ट शर्करेला. माणसाच्या शरीरावर आणि शरीरात सुमारे 38 लाख कोटी जिवाणू राहतात, असा अंदाज इस्रायलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी 2016 मध्ये मांडला. म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशींइतकीच साधारण त्यांची संख्या भरते. गेल्या वीस वर्षांत या जिवाणूंची शिरगणती जोरात झाली. कोणत्या आजारात कोणती प्रजाती वाढते, कोणती घटते याच्या याद्या तयार झाल्या आणि त्यातून ‘चांगले जिवाणू’ आणि ‘वाईट जिवाणू’ अशी वाटणी लोकांच्या बोलण्यात आणि प्रोबायोटिकच्या डब्यांवर येऊन बसली. ही वाटणी पायातच चुकीची आहे, असे मला वाटते. प्रतिकारयंत्रणेला प्रजातीचे नाव दिसत नाही. तिला दिसतात जिवाणूच्या पृष्ठभागावरचे रेणू: शर्करांच्या साखळ्या, मेदाचे रेणू, भित्तिकेचे तुकडे, शेपटीची प्रथिने. आणि त्या रेणूंचा अर्थही कायमचा ठरलेला नसतो. त्यांची बारीक रचना, ते शरीरात कुठे भेटले आणि कोणत्या वयात भेटले, यावर तो ठरतो.

यातला सर्वांत जास्त अभ्यासलेला रेणू म्हणजे लिपोपॉलिसॅकराइड, अर्थात एंडोटॉक्सिन. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाहेरच्या पडद्यात तो रुतलेला असतो. रिचर्ड फायफरने कॉलऱ्याच्या जिवाणूंवर काम करताना 1892 च्या सुमारास, जिवाणू मेल्यावरही उरणाऱ्या या विषाची कल्पना मांडली. शरीर ते ओळखते कसे, याचे उत्तर मिळायला शंभर वर्षे लागली. चार्ल्स जेनवेने 1989 मध्ये असा तर्क केला की, जिवाणूंमध्ये सरसकट आढळणाऱ्या पण आपल्यात नसणाऱ्या रेणूंसाठी शरीरात जन्मजात रिसेप्टर असले पाहिजेत. जूल हॉफमनने 1996 मध्ये फळमाशीत टोल या जनुकाचे बचावातले काम दाखवले. एंडोटॉक्सिनला दाद न देणाऱ्या उंदरांच्या एका वाणात टोलसारख्याच टीएलआर4 या रिसेप्टरचे जनुक बिघडलेले असते, हे ब्रूस ब्यूटलरच्या गटाने 1998 मध्ये सिद्ध केले. हॉफमन आणि ब्यूटलर यांना 2011 चे नोबेल मिळाले. या सगळ्या कामामुळे एक समज मात्र घट्ट झाला, की लिपोपॉलिसॅकराइड म्हणजे धोक्याची सूचना. ई. कोलायच्या बाबतीत ते खरे आहे. त्याच्या लिपिड ए या भागाला सहा मेदाम्ले आणि दोन फॉस्फेट असतात, आणि नेमकी हीच रचना मानवी टीएलआर4ला पुरेपूर जागे करते. पण निरोगी प्रौढ माणसाच्या मोठ्या आतड्यात ई. कोलाय थोडेच असतात. तिथे बहुसंख्येने असणाऱ्या ग्रॅम-निगेटिव्हांत बॅक्टेरॉइड्स गट येतो. त्यांच्या लिपिड एला मेदाम्ले चार किंवा पाच आणि फॉस्फेट एकच. एवढ्या फरकाने तोच रिसेप्टर जवळपास गप्प राहतो. एका फॉस्फेटचा हा हिशोब किती महत्त्वाचा आहे हे लसनिर्मात्यांनी केव्हाच ओळखले. साल्मोनेलाच्या लिपिड एवरचा एक फॉस्फेट काढला की त्याचा विषारीपणा कितीतरी पटींनी घटतो, पण प्रतिकाराला चालना देण्याचा गुण उरतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या सर्व्हारिक्स आणि नागिणीविरुद्धच्या शिंग्रिक्स या लशींत हाच रेणू वापरला आहे.

मेदाम्लांच्या या संख्येला माणसाच्या आरोग्यात काही वजन आहे का, याचा सर्वांत विचारप्रवर्तक पुरावा बाल्टिक समुद्राच्या परिसरातून आला. फिनलंडमध्ये बालवयातल्या टाइप 1 मधुमेहाचे प्रमाण जगात सर्वाधिक मानले जाते. सीमेपलीकडच्या रशियन कारेलियात ते सुमारे सहापट कमी आहे, आणि अंतर तर हाकेच्या टप्प्यातले. फिनलंड, एस्टोनिया आणि रशियन कारेलिया इथल्या 222 बालकांची विष्ठा जन्मापासून तीन वर्षे तपासून टॉमी वाटानेन आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. फिनलंड आणि एस्टोनियातल्या मुलांच्या आतड्यात सुरुवातीच्या काळात बॅक्टेरॉइड्सचे वर्चस्व होते. रशियन मुलांत बिफिडोबॅक्टेरियम आणि ई. कोलाय जास्त. संशोधक यादीपाशी थांबले नाहीत. त्यांनी दोन्हींकडचे लिपोपॉलिसॅकराइड वेगळे काढून मानवी पेशींवर तपासले. बॅक्टेरॉइड्स डोरेईचे लिपोपॉलिसॅकराइड स्वतः तर पेशींना जागे करत नव्हतेच, वर ते ई. कोलायच्या लिपोपॉलिसॅकराइडच्या कामातही आडवे येत होते. मधुमेहाकडे कल असलेल्या उंदरांना ई. कोलायचे लिपोपॉलिसॅकराइड टोचल्यावर आजार लांबला. डोरेईच्या रेणूने तसे झाले नाही. वारंवार थोड्या मात्रेत एंडोटॉक्सिन भेटले की शरीर त्याला सरावते, हे पॉल बीसनने 1940 च्या दशकात सशांवर दाखवले होते. बाल्टिकच्या निष्कर्षांतून दिसते ते असे, की बालपणी हा सराव होण्यासाठी ‘कठोर’ रचनेचा रेणू लागतो. ‘सौम्य’ रचनेने तो होत नाही. लोकप्रिय वाटणीत दाहकारक ई. कोलाय वाईट आणि शांत बॅक्टेरॉइड्स चांगला ठरतो. इथे बाळाच्या आतड्यात चित्र नेमके उलटे झाले. या अभ्यासातून कारण सिद्ध झाले असे म्हणता येणार नाही. दोन्ही प्रदेशांत आहार, स्वच्छता, औषधे यांतही फरक आहेत. पण प्रश्न रेणूच्या पातळीवर विचारला तर किती वेगळे उत्तर येते, याचा हा धडधडीत नमुना आहे.

बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस या जिवाणूची कहाणी मला या विषयात सर्वांत मोलाची वाटते, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. आतड्यातल्या एकूण जिवाणूंत त्याचा वाटा अगदी लहान. तरी आतडे फाटून पोटात गळू झाले तर त्या पुवात जे अनॉक्सी जिवाणू सापडतात त्यांत हा नेहमी आघाडीवर असतो. डेनिस कॅस्पर यांच्या हार्वर्डमधल्या गटाने दाखवले की या गळवाला जिवंत जिवाणू लागतच नाही. त्याच्या कवचातली पॉलिसॅकराइड ए ही शर्करा पुरते. या साखळीची रचना असाधारण आहे. तिच्या प्रत्येक कडीवर धन आणि ऋण असे दोन्ही विद्युतभार असतात, आणि रासायनिक प्रक्रियेने ते भार नाहीसे केले की तिचा प्रभावही जातो. नुसत्या शर्करा सहसा टी पेशींना जागे करू शकत नाहीत. म्हणून तर दोन वर्षांखालच्या मुलांसाठी न्यूमोकॉकसच्या शर्करेला प्रथिन जोडून लस करावी लागते. पॉलिसॅकराइड ए मात्र प्रथिनासारखीच पेशीच्या आत तोडली जाते आणि टी पेशींपुढे मांडली जाते. सार्किस मझमानियन आणि कॅस्पर यांनी 2005 मध्ये दुसरी बाजू पुढे आणली. जंतुमुक्त उंदरांत सीडी4 टी पेशी कमी असतात; त्यांच्यात फ्रॅजिलिस सोडला की त्या भरून येतात; ही शर्करा बनवू न शकणारा वाण सोडला तर येत नाहीत; आणि शुद्ध शर्करा दिली तरी येतात. तीन वर्षांनी त्यांनी हेही दाखवले की तोंडावाटे दिलेली हीच शर्करा उंदरांना आतड्याच्या दाहापासून वाचवते आणि त्यासाठी आयएल-10 हे दाह शमवणारे प्रथिन लागते. म्हणजे रेणू तोच आहे. आतड्याच्या पोकळीतून भेटला तर तो शांतता राखतो, पोटाच्या पोकळीत सांडला तर पू धरतो. या जिवाणूला चांगल्याच्या रकान्यात टाकावे की वाईटाच्या? हा प्रश्नच निरर्थक आहे.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो, की आतड्यातले अस्तर, श्लेष्म आणि आयजीए प्रतिपिंडे जिवाणूंना दूर ठेवतात. तेव्हा शरीराचे शहाणपण या रेणूंना न ओळखण्यात आहे, ओळखण्यात नाही. या समजुतीला 2004 मधल्या एका प्रयोगाने मोठा धक्का दिला. रुस्लान मेझितोव्ह यांच्या प्रयोगशाळेत चार प्रतिजैविके देऊन उंदरांची आतडी जवळपास रिकामी केली आणि मग आतड्याच्या अस्तराला रसायनाने इजा केली. जिवाणू असलेले उंदीर त्यातून सावरले. रिकाम्या आतड्याचे मोठ्या संख्येने मेले. पण त्यांना पाण्यातून शुद्ध लिपोपॉलिसॅकराइड किंवा लिपोटायकोइक आम्ल दिले, तर ते वाचले. जिवाणूंच्या रेणूंची ओळख शांततेच्या काळातही रोज चालू असते आणि अस्तराची डागडुजी तिच्यावर अवलंबून असते. नैसर्गिक प्रसूतीने जन्मलेल्या उंदराच्या पिलाच्या आतड्याचे अस्तर जन्मानंतर लगेच एकदा एंडोटॉक्सिनने जागे होते आणि मग त्याला सरावते. शस्त्रक्रियेने काढलेल्या पिलात हा टप्पा येत नाही. जिवाणूंच्या भित्तिकेतल्या पेप्टिडोग्लायकनचे तुकडे नॉड1 या रिसेप्टरला भेटले की आतड्यातल्या लसिकापेशींच्या लहान गाठी वाढीला लागतात. हे तुकडे रक्तातून अस्थिमज्जेपर्यंत पोहोचतात आणि न्यूट्रोफिल पेशींची जंतू मारण्याची ताकद वाढवतात. फ्रान्समध्ये फ्रांस्वा ल्युलिये यांच्या गटाने 2023 मध्ये जे दाखवले ते तर कुपोषणाने ग्रासलेल्या कोणत्याही देशाने लक्षपूर्वक वाचावे असे आहे. अपुरा आहार दिलेल्या उंदराच्या पिलांची खुंटलेली वाढ लॅक्टोबॅसिलस प्लांटारमच्या एका वाणाने सुधारते, आणि जिवंत जिवाणूऐवजी त्याची शुद्ध केलेली भित्तिका दिली तरी सुधारते. मात्र आतड्यातला नॉड2 रिसेप्टर शाबूत हवा.

हे सगळे उंदरांत झाले, माणसाचे काय, हा दुसरा आक्षेप. तो वजनदार आहे आणि पूर्ण बाजूला सारता येत नाही. एंडोटॉक्सिनच्या बाबतीत तर तो फारच खरा आहे. माणसाला शरीराच्या दर किलोमागे दोन-चार नॅनोग्रॅम टोचले की हुडहुडी भरून ताप येतो. उंदीर त्याहून हजारो पट मात्रा सहन करतो. म्हणून मानवी पुरावा जिथे आहे तिथे तो बारकाईने पाहायला हवा. फ्लूच्या साध्या, प्रतिसाद वाढवणारे सहायक द्रव्य नसलेल्या लशीला उंदरांत चांगला प्रतिसाद यायला आतड्यातल्या जिवाणूंचे फ्लॅजेलिन, म्हणजे त्यांच्या शेपटीचे प्रथिन, टीएलआर5ने ओळखावे लागते, हे बाली पुलेंद्रन यांच्या गटाने 2014 मध्ये दाखवले. शेपटी नसलेला ई. कोलाय देऊन तो परिणाम मिळाला नाही. त्याच गटाने पुढे निरोगी माणसांना लशीच्या आसपास तीव्र प्रतिजैविके दिली. ज्यांच्या रक्तात फ्लूविरुद्धची प्रतिपिंडे आधीच होती त्यांच्यात फारसा फरक पडला नाही. ज्यांच्याकडे ती कमी होती त्यांच्यात प्रतिसाद मंदावला. त्यातून मला दिसते ते इतकेच, की जिवाणूंच्या रेणूंचा आधार पहिल्या भेटीत जास्त लागतो, स्मृती तयार झाल्यावर कमी. लहान मुलांच्या लसीकरणाचा विचार करताना हा फरक विसरता येणार नाही.

माणसातला दुसरा पुरावा अकरमॅन्सिया म्युसिनिफिला या जिवाणूचा. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन इथे 2004 मध्ये वर्णन केलेला हा जिवाणू आतड्यातल्या श्लेष्मावर जगतो. बेल्जियमच्या पॅट्रिस कानी यांच्या गटाने तो 70 अंश सेल्सियसला पाश्चराइझ करून, म्हणजे मारून, स्थूल उंदरांना दिला, तेव्हा त्याचा परिणाम जिवंतपेक्षाही चांगला आला. त्याच्या बाह्य पडद्यातले एक प्रथिन या उष्णतेला टिकते आणि टीएलआर2ला भेटते. 2019 मधल्या चाचणीत 32 स्वयंसेवकांनी तीन महिने पूर्ण केले. त्यांपैकी पाश्चराइझ केलेला जिवाणू घेतलेल्यांच्या शरीराची इन्सुलिनला मिळणारी दाद सुधारली. चाचणी लहान होती. शिवाय 2022 मध्ये बोस्टनच्या एका गटाने या जिवाणूच्या पडद्यातल्या एका मेदरेणूला श्रेय दिले, त्यामुळे नेमका रेणू कोणता हा वाद चालू आहे. पण मेलेला जिवाणू काम करतो एवढी एक गोष्ट, डब्यावर छापलेल्या ‘इतके कोटी जिवंत जिवाणू’ या आकड्याचा पाया हलवायला पुरेशी आहे. क्रोन्सच्या आजारात वाढणाऱ्या रुमिनोकॉकस नेव्हस या प्रजातीने नाव की कवच हा प्रश्न आणखी टोकदार केला. तिच्या काही वाणांवर जाड कवच असते आणि ते पेशींना शांत ठेवतात. काहींवर ते नसते आणि आतली शर्करा दाह पेटवते. विष्ठेच्या डीएनए तपासणीत दोन्हींच्या पुढे नाव एकच येते.

आता राहतो तो आक्षेप, की मुळात पृष्ठभागावरच्या रेणूंना इतके महत्त्व का? 2013 मध्ये तीन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की तंतुमय आहारापासून जिवाणू बनवतात ती ब्युटिरेटसारखी लघुमेदाम्ले दाह आवरणाऱ्या नियामक टी पेशी वाढवतात. हे निर्विवाद आहे आणि त्याला कमी लेखायचे कारण नाही. पण ब्युटिरेट अनेक प्रजाती बनवतात आणि ते बरेचसे ताटात काय आहे यावर ठरते. त्याने आतड्यातले एकूण वातावरण बदलते. एखाद्या ठरावीक जिवाणूला ठरावीक प्रतिसाद मिळतो तो त्याच्या अंगावरच्या रेणूंमुळे. उंदराच्या लहान आतड्याला चिकटून बसणारा खंडित तंतुजिवाणू टीएच17 प्रकारच्या टी पेशी घडवतो, त्यातल्या बहुतेक त्याच जिवाणूच्या प्रथिनांना ओळखणाऱ्या असतात. यावर कोणी म्हणेल, की जिवाणू तर कवच बदलतात, मग कवचाच्या ओळखीला काय किंमत? फ्रॅजिलिसकडे आठ प्रकारची कवच-शर्करा तयार करण्याची सोय आहे, आणि डीएनएचे लहान तुकडे उलटे करून तो ती चालू-बंद करतो. तरीही हा बदल बेताल नसतो. 2018 मध्ये असे दिसले की श्लेष्मात स्थिरावण्यासाठी तो विशिष्ट कवच धारण करतो आणि आयजीए प्रतिपिंडे त्याच कवचाला धरून त्याला तिथे टिकवतात. बदलते कवच ही म्हणूनच प्रजातीच्या नावावर विसंबू नये याची आणखी एक साक्ष ठरते.

उपचारांत आतापर्यंत आलेले अपयशही मी याच अंगाने वाचतो. टीएलआर4 अडवणारा एरिटोरान हा रेणू एका निरुपद्रवी जिवाणूच्या सौम्य लिपिड एवरून बनवला होता. सेप्सिसच्या जवळपास दोन हजार रुग्णांवरच्या चाचणीत, 2013 मध्ये, त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. दाह पेटल्यावर पहिला रिसेप्टर बंद करायला उशीर झालेला असतो, ही त्यामागची एक शक्यता. तमिळनाडूत वेल्लोर परिसरात बाळांना पोलिओच्या तोंडी लशीआधी ॲझिथ्रोमायसिन दिले गेले. आतड्यातले रोगजंतू घटले, लशीला मिळणारा प्रतिसाद मात्र सुधारला नाही, असा निष्कर्ष 2016 मध्ये आला. कोणाच्या अंगावर काय आहे याची चौकशी न करता सरसकट जिवाणू घटवले, तर हे अनपेक्षित नाही. मात्र हे माझे वाचन झाले, सिद्धता नव्हे. ती हवी असेल तर त्या बाळांच्या जिवाणूंचे रेणू तपासावे लागतील.

इथेच आपल्याकडची मोठी उणीव जाणवते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवले, की भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला आणि मेगास्फीरा हे गट भरघोस आढळतात. प्रिव्होटेला हा बॅक्टेरॉइड्सचाच नातलग, ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे त्याच्या अंगावरही लिपोपॉलिसॅकराइड आहे. पण लिपिड एबद्दलचे बहुतेक तपशीलवार काम पाश्चात्त्यांच्या आतड्यातून वेगळ्या केलेल्या जिवाणूंवर झाले आहे. डीएनएच्या वाचनातून ही उणीव भरून निघणार नाही. जनुकावरून प्रथिनाचा क्रम कळतो, परंतु शर्करेची साखळी आणि मेदाम्लांची संख्या अनेक विकरांच्या एकत्रित कामातून ठरते, आणि ती प्रत्यक्ष रसायनशास्त्राने, मास स्पेक्ट्रोमेट्रीने मोजावी लागते. पुण्यातच जिवाणूंच्या जिवंत वाणांचा मोठा राष्ट्रीय संग्रह आहे. इथल्या माणसांच्या आतड्यातले प्रिव्होटेला वाण वाढवून त्यांचे लिपिड ए वेगळे काढणे, त्याला मेदाम्ले किती आणि फॉस्फेट किती ते ठरवणे आणि मग ते इथल्याच माणसांच्या रक्तपेशींवर तपासणे, हे काम खर्चिक आहे, संथ आहे आणि त्यातून झटकन बातमी होत नाही. पण आपल्या मुलांना तोंडी लशी कमी लागू का पडतात, किंवा शहरांत दमा आणि टाइप 1 मधुमेह वाढतो तेव्हा नेमके काय हरवलेले असते, असे प्रश्न विचारायचे असतील, तर या मोजमापाला पर्याय नाही.